नारळाच्या वडीतलं मोकळं पाणी

बचत गटाच्या नारळाच्या वड्या प्रयोगशाळेत जातात आणि अहवाल चोख येतो: एकूण जिवाणू मर्यादेत, यीस्ट-बुरशी नाही, २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला नाही. पुढे त्याच घाण्यातल्या वड्यांवर बुरशीची लव येते. अहवाल खोटा नसतो. नमुना दिला त्या दिवशी वडीत काय जिवंत होतं, एवढंच तो सांगतो. पुढे काय वाढू शकेल हे कळायला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी मोजावी लागते, आणि खर्च वाचवताना नेमकी तीच चाचणी गाळली जाते.

ओलावा वेगळा, मोकळं पाणी वेगळं

पदार्थात पाणी किती टक्के आहे यावरून तो टिकेल की नाही हे ठरत नाही. साखर आणि मीठ पाणी धरून ठेवतात; ते जंतूंच्या वाट्याला येत नाही. उरलेल्या मोकळ्या पाण्याचं माप म्हणजे वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी; ती ० ते १ या पट्टीवर मोजतात. शुद्ध पाण्याची १. पदार्थ बंद डबीत ठेवला की आतल्या हवेची आर्द्रता काही वेळाने स्थिरावते. ती ७५ टक्के असेल तर पदार्थाचा आकडा ०.७५. मिठाच्या संपृक्त द्रावणाचा आकडा २५ अंश सेल्सिअसला एवढाच येतो, म्हणून यंत्र नीट चाललंय का ते त्यावर पडताळता येतं.

चिवड्यात बेदाणे घातले की काही दिवसांत पोहे मऊ पडतात, कारण पाणी जास्त आकड्याकडून कमी आकड्याकडे सरकतं. टिकाऊ करंजीत ओला नारळ न घालता सुकं खोबरं घेतात, त्यामागेही हेच आहे.

कोण कुठे थांबतं

ऑस्ट्रेलियाच्या डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५३ साली स्टॅफिलोकॉकस ऑरिअस या जिवाणूवर काम करून त्याची वाढ आणि वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी यांचं नातं दाखवलं. बिघाड करणारे बहुतेक जिवाणू साधारण ०.९१च्या खाली वाढत नाहीत. स्टॅफिलोकॉकस मात्र ०.८६च्या आसपासही तग धरून वाढतो. बहुतेक बुरशी ०.८०पर्यंत वाढतात, काही चिवट बुरशी आणि यीस्ट थेट ०.६१पर्यंत. त्याखाली वाढ थांबते, पण जंतू मरतातच असं नाही. साल्मोनेला कोरड्या पदार्थात महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतो.

स्टॅफिलोकॉकसची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. तो माणसाच्या नाकात आणि त्वचेवर असतो, म्हणजे वडी थापणाऱ्या हातावरही. त्याचं विष उकळूनही नष्ट होत नाही. वडीत घालायचा खवा उन्हात पडून राहिला आणि त्यात हे विष तयार झालं, तर नंतर कढईत कितीही आटवा: जिवाणू मरतील, त्यांची मोजणी स्वच्छ येईल, विष तसंच राहील. अशा वेळी वॉटर अ‍ॅक्टिव्हिटीही मदतीला येत नाही. खवा ताजा घ्यायचा आणि थंड ठेवायचा, एवढंच आपल्या हाती.

झाकणाला आलेला घाम

आतून कोमट असलेल्या वड्या डब्यात भरल्या की झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब धरतात. ते वरच्या थरावर पडतात आणि तेवढ्या जागी वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी १च्या जवळ जाते. बुरशी आधी तिथेच उगवते. खालचे थर चांगले राहतात. वड्या पूर्ण निवू द्याव्यात, मग भराव्यात.

नमुना देताना

वडीची कड कोरडी आणि मध्य ओला असतो, म्हणून दोन्हींचं वाचन वेगळं मागावं. वाचन २५ अंशांनाच घ्यायला सांगावं. गरम नमुन्याचा आकडा फसवतो. काही पाकिटं दुकानात असतात तशीच बाहेर ठेवून ठराविक दिवसांनी यीस्ट-बुरशीची चाचणी पुन्हा करावी. ‘बेस्ट बिफोर’ची तारीख यातून निघते.

कृती बदलली तर

हल्ली गिऱ्हाईक ‘कमी गोड’ मागतं. पण साखर इथे चवीपुरती नसते, पाणी बांधण्याचं काम तीच करते. ती कमी केली, किंवा मिश्रण लवकर उतरवलं, की आकडा चढतो. त्या वड्यांना जुन्या कृतीचा अहवाल आणि जुनी तारीख लावू नये.