घशातला जंतू आणि हृदयाची झडप

इथे अमेरिकेत मुलाचा घसा दुखून ताप आला, की डॉक्टर बऱ्याचदा 'स्ट्रेप टेस्ट' करतात. मिठाच्या गुळण्या आणि हळद-दुधावर वाढलेल्या आपल्याला वाटतं, एवढ्याशा घशाचं काय कौतुक! पण खरी काळजी असते हृदयाची.

'ग्रूप ए स्ट्रेप्टोकोकस' या जंतूच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. हे 'एम प्रोटीन'. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये रिबेका लान्सफील्ड यांनी त्यावरचं संशोधन १९२८ साली प्रसिद्ध केलं. हे प्रोटीन आपल्या पेशींना चिकटायला मदत करतं. शिवाय आपल्याच रक्तातलं 'फॅक्टर एच' नावाचं प्रोटीन धरून ठेवतं. फॅक्टर एच म्हणजे जणू "हा घरचाच, सोडा याला" असं ओळखपत्र! त्यामुळे पांढऱ्या पेशी जंतूला सहज गिळत नाहीत. त्यात या तंतूच्या टोकाचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. म्हणून लस बनवणं अवघड.

पुढे शरीर या प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडीज तयार करतं. पण त्याची घडण आपल्या हृदयातल्या मायोसिनशी मिळतीजुळती! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं, तर अँटीव्हायरसने आपलीच फाईल व्हायरस समजून उडवावी, तसं होतं. काही मुलांना घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात, हृदयाच्या झडपांना इजा होते. हा रुमॅटिक फीव्हर. तो पुन्हा पुन्हा झाला, तर झडपा कायमच्या आखडतात किंवा गळू लागतात. मग ऑपरेशनचीही वेळ येऊ शकते.

उपाय मात्र जुना आणि स्वस्त आहे. वायोमिंगमधल्या वॉरेन तळावरच्या सैनिकांवर उपचार करून डॉक्टरांनी १९५० साली दाखवून दिलं, की घशाच्या दुखण्यात पेनिसिलिन दिलं तर रुमॅटिक फीव्हर टळतो. दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू केलं तरी चालतं. एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला मात्र दर तीन-चार आठवड्यांनी इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं, घ्यावं लागतं.

बहुतेक घसेदुखी व्हायरसमुळे होते, तिथे पेनिसिलिनचा उपयोग नाही. म्हणून तर टेस्ट! अमेरिकेत हा आजार आता दुर्मीळ झालाय, भारतात अजून नाही. तेव्हा पुढच्या वेळी भारतात फोन कराल आणि "पोराचा घसा धरलाय, तापही आहे" असं ऐकाल, तेव्हा "डॉक्टरांना दाखवलंत का?" एवढं जरूर विचारा. आणि औषध दिलं असेल, तर ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नका, हेही सांगा.