मुरुमांवर कॅनाबिडिओलचे जेल

मुरुमाचे मूळ केसाच्या मुळाशी असते. वयात येताना तिथली तैलग्रंथी संप्रेरकांमुळे जास्त तेल सोडू लागते, छिद्राच्या तोंडाशी मृत पेशींचे बूच बसते आणि कोंडलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू फोफावतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा तिथे धावून येते, तसा तो ठिपका लाल होतो, ठणकतो, पिकतो. या दाहक मुरुमांचेच पुढे व्रण राहतात.

कॅनाबिडिओल हा भांगेच्या झाडातला घटक. गांजाची नशा येते ती टीएचसी या दुसऱ्या घटकामुळे, याच्यामुळे नाही. हंगेरीतल्या डेब्रेत्सेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये माणसाच्या तैलग्रंथीच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांवर हे रसायन तपासले. अ‍ॅराकिडोनिक आम्लासारखे पदार्थ घातले की या पेशी तेलाच्या थेंबांनी भरून जातात. कॅनाबिडिओल दिल्यावर हा भरणा रोखला गेला, पेशींची वाढ मंदावली आणि दाह पेटवणारे संकेतही दबले. तेल आणि वाढ यांवरचा परिणाम पेशीच्या आवरणातल्या टीआरपीव्ही४ या मार्गिकेतून होतो, दाहावरचा वेगळ्या वाटेने. एकाच रसायनाने मुरुमाच्या दोन कारणांना आवर घालावा, ही खरोखर मोलाची गोष्ट होती.

बशीतल्या पेशींना मात्र त्वचेचे कवच नसते. कॅनाबिडिओल तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. त्यामुळे ते त्वचेच्या वरच्या शुष्क थरातच अडकून राहू शकते. ते आत पोचावे म्हणून जेलमध्ये अल्कोहोलसारखे द्रावक घालावे लागतात आणि त्यांनी त्वचा कोरडी पडून चुरचुरू शकते.

ऑस्ट्रेलियाच्या बोटॅनिक्स कंपनीने ३६८ रुग्णांवर १२ आठवडे चाचणी घेतली. काहींना कॅनाबिडिओलचे औषध, काहींना औषधाविना नुसता आधारद्रव्याचा लेप. २०१९ मध्ये निकाल आला: लाल मुरूम कमी झाले, पण नुसता लेप लावणाऱ्यांचेही झाले. दोन्हींतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. मुरूम आपोआप कमी-जास्त होतात आणि चाचणीत असलेला माणूस चेहऱ्याची निगाही नेमाने राखतो. म्हणूनच तुलनेचा गट नसलेल्या ‘आधी आणि नंतर’च्या छायाचित्रांवर विसंबणे धोक्याचे.

दाहक मुरुमांवर आज बेंझॉइल पेरॉक्साइड आणि अ‍ॅडापलिन यांच्या जेलचा आधार भक्कम आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालेले कॅनाबिडिओलचे औषध पोटात घ्यायचे असून ते अपस्माराच्या दुर्मीळ, तीव्र प्रकारांसाठी आहे.