मोजणीवाचून हक्क अधांतरी

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दिल्लीत लागतो. त्याचा परिणाम मात्र गावच्या शाळेतील मतदानकेंद्रावर दिसतो. भंडारा जिल्ह्याने २०२१च्या डिसेंबरात याचा प्रत्यय घेतला. जिल्हा परिषद व पंचायत समित्यांसाठी उमेदवारी अर्ज भरले जात असतानाच, ६ डिसेंबर रोजी न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांची निवडणूक स्थगित केली. १५ डिसेंबरला त्या जागा सर्वसाधारण समजून निवडणूक घेण्याचा आदेश झाला. परिणामी भंडारा व गोंदिया या दोन्ही जिल्हा परिषदांच्या आणि मोहाडी, लाखनी, लाखांदूर यांसारख्या नगरपंचायतींच्या निवडणुकीचे दोन तुकडे पडले. बहुतेक जागांचे मतदान २१ डिसेंबरला, उरलेल्यांचे १८ जानेवारी २०२२ रोजी आणि सर्वांची मतमोजणी १९ जानेवारीला झाली. जातीचे दाखले गोळा करून सज्ज झालेल्या उमेदवाराच्या हातून राखीव जागा गेली, ती त्याच्या कोणत्याही अपराधामुळे नव्हे. मग दोष कोणाचा? निकालाचा की ज्यांच्यामुळे असा निकाल देणे भाग पडले त्यांचा?

या वादाचे मूळ जुने आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत अनुसूचित जाती व जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा देणे बंधनकारक केले. इतर मागासवर्गाबाबत मात्र तसे बंधन नाही. अनुच्छेद २४३-डच्या सहाव्या खंडाने तो अधिकार राज्य विधिमंडळावर सोपविला. महाराष्ट्राने जिल्हा परिषद अधिनियमात सरसकट २७ टक्के जागा राखून ठेवल्या. २०१०च्या मे महिन्यात, के. कृष्णमूर्ती यांच्या प्रकरणात, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या अधिकाराची वैधता मान्य केली. परंतु शिक्षण व नोकरीतील मागासलेपण आणि राजकीय मागासलेपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे बजावले. ४ मार्च २०२१ रोजी, विकास गवळी यांच्या याचिकेवर, न्या. खानविलकर यांच्या खंडपीठाने त्याच तत्त्वातून तीन कसोट्या स्पष्ट केल्या. स्वतंत्र आयोग नेमून मागासलेपणाची समकालीन, अनुभवाधिष्ठित चौकशी करावी. तीवरून प्रत्येक संस्थेसाठी आरक्षणाचे प्रमाण निश्चित करावे. आणि सर्व आरक्षणांची बेरीज ५० टक्क्यांपलीकडे जाऊ नये. अधिनियमातील २७ टक्के हा आकडा यापुढे ठराविक वाटा न राहता कमाल मर्यादा ठरला.

या निकालाचे गणित आपल्याच जिल्ह्यात मांडून पाहावे. २०११च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख. तीत अनुसूचित जाती सुमारे १६.७ टक्के व जमाती सुमारे ७.४ टक्के, एकूण २४.१. त्यात २७ मिळविले की बेरीज ५१.१ होते, म्हणजे मर्यादा जेमतेम एका टक्क्याने ओलांडली जाते. शेजारच्या गडचिरोलीत चित्र निराळे आहे. तेथे जमाती सुमारे ३९ व जाती सुमारे ११ टक्के. म्हणजे पन्नाशी तेथेच भरते आणि इतर मागासवर्गाला जवळजवळ काहीच उरत नाही. सबंध राज्याला एकच आकडा लावणे अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही अशास्त्रीय होते, हे या दोन जिल्ह्यांवरून ध्यानात यावे. सरासरी पाहून धोरण आखणारा माणूस सरासरी खोली पाहून नदी ओलांडणाऱ्यासारखाच असतो. शासनाने पुराव्याविना सत्तेचे वाटप करू नये, हा न्यायालयाचा आग्रह म्हणूनच योग्य आहे.

तथापि येथेच एक गंभीर प्रश्न उद्भवतो. पुरावा गोळा करणे हे शासनाचे काम. तो गोळा न झाल्याची शिक्षा मात्र नागरिकाला. २०१०चा निकाल आणि २०२१चा निकाल यांत जवळजवळ अकरा वर्षे गेली. या काळात राज्यात तीन निरनिराळ्या आघाड्यांची सरकारे आली. एकानेही आयोग नेमून ही चौकशी पूर्ण केली नाही. सर्व जातींची शिरगणती यापूर्वी झाली ती १९३१ साली. २०११च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणात जातीची नोंद झाली खरी, परंतु ती माहिती सदोष असल्याचे केंद्र सरकारने २०२१च्या सप्टेंबरात न्यायालयास सांगितले. १९३१ साली ४,१४७ असलेल्या जातींची नावे या सर्वेक्षणात ४६ लाखांवर गेली होती! जातींची प्रमाणित सूची प्रगणकांच्या हाती नव्हती. एकाच जातीचे नाव जितक्या तऱ्हांनी लिहिले गेले तितक्या जाती निर्माण झाल्या. ती माहिती मिळावी ही राज्याची विनंती १५ डिसेंबरलाच फेटाळली गेली. केंद्राने आकडे दिले नाहीत, राज्याने ते गोळा केले नाहीत आणि दोघांच्या मध्ये लाखांदूरचा मतदार उभा राहिला.

पुढे बांठिया आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष पूर्वी देशाचे जनगणना आयुक्त होते. आयोगाने राज्यातील इतर मागासवर्गाचे प्रमाण सुमारे ३७ टक्के असल्याचे सांगितले आणि २० जुलै २०२२ रोजी न्यायालयाने त्या अहवालानुसार निवडणुकांना अनुमती दिली. परंतु आडनावांवरून जात ठरविण्याच्या पद्धतीवर सर्वपक्षीय टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती. वर्षानुवर्षे टाळलेले काम काही महिन्यांत उरकले की त्याची अशीच गत होते. पुन्हा खटले, पुन्हा स्थगिती. राज्यातील अनेक महानगरपालिका व जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या स्वाधीन राहिल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयाला, २०२२च्या अहवालापूर्वीचे आरक्षण धरून निवडणुका घेण्याचा अंतरिम आदेश द्यावा लागला. पंचायतीची मुदत पाच वर्षांची, असे राज्यघटना सांगते. प्रशासक कितीही कार्यक्षम असला तरी तो मतदारांना उत्तरदायी नसतो. शाळेचे गळके छप्पर, आरोग्यकेंद्रातील रिकामे पद, गाळाने भरलेला मालगुजारी तलाव यांविषयी जाब विचारायचा तो निवडून दिलेल्या सदस्यालाच.

म्हणून या निकालमालिकेतून एक निष्कर्ष निघतो, तो पुरेशा स्पष्टपणे अद्याप कोणी मांडलेला नाही. ज्या हक्काचा पाया आकडेवारी आहे, त्या हक्कात ती आकडेवारी वेळेवर गोळा होण्याचा हक्कही अंतर्भूत मानला पाहिजे. एरवी शासनाला हक्क नाकारण्यासाठी कायदा करण्याचीही गरज उरत नाही. मोजणी लांबविली की काम भागते. न्यायालयाने आरक्षणासाठी जशा तीन कसोट्या घातल्या, तशीच शासनाला मोजणीची मुदत घालून देणे आणि ती चुकल्यास जाब विचारणे, हेही त्याच तत्त्वाचे दुसरे अंग आहे.

केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला. या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ हा आहे. तेवढ्याने प्रश्न सुटेल, अशा भ्रमात मात्र कोणी राहू नये. संख्या म्हणजे मागासलेपण नव्हे. खुल्या जागांवरून या वर्गातील किती माणसे निवडून येतात, कोणत्या जातींना सरपंचपद कधीच मिळालेले नाही, हेही गावोगाव तपासावे लागेल. निवडणुकांच्या निकालांची कागदपत्रे प्रत्येक जिल्ह्यात आहेत. ती धुंडाळण्याची इच्छा हवी.

हे काम अखेरीस मंत्र्यांच्या हातून होत नाही. प्रगणक म्हणून दारोदार जातो तो शिक्षक आणि तक्ते भरतो तो कारकून. २०११च्या चुका याच टप्प्यावर झाल्या, कारण त्यांना नीट सूची आणि प्रशिक्षण मिळाले नाही. ते मागून घेण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. आणि हाती आलेली वही प्रामाणिकपणे भरणे हे त्यांचे कर्तव्य. त्या वहीतील प्रत्येक नोंदीवर उद्या कोणाच्या तरी प्रतिनिधित्वाचा निवाडा होणार आहे.