कानाला मेंदूचा लगाम

महात्मा फुले मंडईतली संध्याकाळ. विक्रेत्यांच्या आरोळ्या, बाहेर रिक्षांचे भोंगे. तरीही समोरच्या मावशींनी सांगितलेला मेथीच्या जुडीचा भाव आपल्याला नेमका ऐकू येतो. हे कसे घडते? कान म्हणजे आवाज आत जाण्याचे नुसते दार, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात मेंदूकडूनही कानाला हुकूम येत असतात.

आपल्या अंतःकर्णात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात दोन प्रकारच्या केसपेशी असतात. आतल्या रांगेतील सुमारे ३,५०० पेशी आवाजाची खबर मेंदूला देतात. बाहेरच्या तीन रांगांतील सुमारे १२,००० पेशींचे काम निराळे. त्या आवाजाच्या तालावर आखडतात आणि लांबतात. त्यामुळे बारीक आवाज वाढून आतल्या पेशींपर्यंत पोहोचतो.

मेंदूच्या देठातून निघालेले काही मज्जातंतू थेट या बाहेरच्या पेशींवर येऊन पोहोचतात. अमेरिकन शास्त्रज्ञ ग्रँट रासमुसेन यांनी १९४६ मध्ये या तंतूंचे वर्णन केले. भोवती गोंगाट वाढला की हे तंतू पेशींची हालचाल मंदावतात, म्हणजे कानाला लगाम घालतात. एकसारखी चालणारी गजबज त्यामुळे दबते आणि तिच्यातून बोललेला शब्द वेगळा काढणे सोपे जाते. प्राण्यांवरील प्रयोगांत हे तंतू तोडल्यावर मोठ्या आवाजाने कानाची अधिक हानी झाल्याचे दिसले आहे. म्हणजे हा लगाम काही प्रमाणात संरक्षणही करतो.

हा लगाम तपासताही येतो. निरोगी कान स्वतःही अतिशय सूक्ष्म आवाज बाहेर टाकतो, हे इंग्लंडमधील डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवले. नवजात बाळांची श्रवणचाचणी याच तत्त्वावर केली जाते. एका कानातून येणारा हा आवाज मोजत असताना दुसऱ्या कानात खरखर ऐकवली, तर पहिल्या कानाचा आवाज किंचित घटतो. मेंदूचा हुकूम पोहोचल्याची ही खूण होय.

परंतु वाचकहो, या लगामालाही मर्यादा आहे. मंडईपासून हाकेच्या अंतरावरील लक्ष्मी रस्त्यावर सीओईपीचे विद्यार्थी अनेक वर्षे विसर्जनाच्या दिवशी आवाज मोजत आले आहेत. कित्येकदा नोंद शंभर डेसिबलच्या आसपास गेली आहे. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून आठ तासांपेक्षा जास्त ऐकू नये, असे तज्ज्ञ सांगतात. पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. या हिशेबाने शंभर डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे मिळतात! मिरवणूक तर चोवीस तासांहून अधिक चालते, आणि पथकांतील मुले त्याआधी कित्येक आठवडे नदीपात्रात सराव करतात.

मेलेली केसपेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. पेशीच उरली नाही, तर मेंदूने लगाम खेचायचा कोणाचा? अशा माणसाला एकांतातले बोलणे कळते, पण लग्नघरात कोण काय म्हणाले ते उमगत नाही. 'ऐकू येते, पण कळत नाही' ही तक्रार इथूनच सुरू होऊ शकते.

म्हणून ढोल वाजवणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनीही औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे कानात नीट बसवावेत; साध्या कापसाने फारसे काही साधत नाही. भिंतीएवढ्या स्पीकरसमोर उभे राहू नये. लहान मुलांना तर लांबच ठेवावे. सरावात अधूनमधून शांत जागी विश्रांती घ्यावी. कानात तेल मुळीच घालू नये. मिरवणुकीनंतर कानातला 'कुईं' आवाज किंवा दडा दुसऱ्या दिवशीही राहिला, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी जावे. या आजारात उशीर झाला की उपचाराचा उपयोग कमी होत जातो.