यंत्र जपायचे की यंत्रविद्या?

इटलीतील बोलोन्या शहरालगतच्या बोर्गो पानिगाले येथील ड्युकाटी कारखान्यातून १९७४ साली हिरव्या सांगाड्याच्या सुमारे चारशे मोटारसायकली बाहेर पडल्या. '७५० सुपर स्पोर्ट' हे त्या गाडीचे नाव. शर्यतीच्या गाडीला दिवे आणि नंबरची पाटी लावून ती रस्त्यावर आणावी, तसाच हा प्रकार होता. तिच्या घडणीत सफाई बेताचीच होती. परंतु तिचे इंजिन जातिवंत होते. आज लिलावात या गाडीला एक लाख डॉलरहून अधिक किंमत येते. एखाद्या यंत्राला अशी किंमत आली, की तिच्यामागून दोन गोष्टी अटळपणे येतात : एक कुलूप आणि दुसरी नक्कल. अस्सल गाड्या दालनांत बंद होतात आणि त्याच काळातील साध्या गाड्यांचे सांगाडे हिरवे रंगवून त्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या जातात.

जुन्या इटालियन मोटारसायकलींचा संग्रह करण्याचा छंद अनेक देशांत पसरलेला आहे आणि छंदाबरोबर एक वादही पसरला आहे. गाडी कारखान्यातून निघाली तशीच राखावी, असे एक पक्ष म्हणतो. गाडी मालकाच्या हाताला आणि रस्त्याला जुळेल अशी बदलून घ्यावी, असे दुसरा म्हणतो. वरवर पाहता हा सुखवस्तू हौशी मंडळींचा वाद वाटेल. परंतु जुना वाडा दुरुस्त करताना, जुनी मूर्ती पुन्हा रंगविताना जो प्रश्न पडतो, तोच हा प्रश्न आहे. जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे?

या गाड्या जन्मल्या कशा, हे पाहिल्याखेरीज त्याचे उत्तर मिळणार नाही. ड्युकाटी ही मुळात १९२६ साली स्थापन झालेली रेडिओचे भाग बनविणारी कंपनी. ऑक्टोबर १९४४ मध्ये बॉम्बवर्षावाने तिचा कारखाना उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर सायकलीला जोडण्याचे ४८ सी.सी.चे 'कुच्चोलो' म्हणजे 'पिल्लू' नावाचे छोटे इंजिन बनवून तिने नवा संसार मांडला. आगुस्ता यांचा विमानांचा कारखाना होता. पराभूत इटलीत विमाने बांधण्यावर बंदी आली, म्हणून ते 'एम.व्ही.' मोटारसायकलींकडे वळले आणि पुढे १९५८ ते १९७४ अशी ओळीने सतरा वर्षे ५०० सी.सी. गटातील जगज्जेतेपद त्यांच्या गाड्यांच्या स्वारांनी मिळविले. ब्रेगांझेचे लाव्हेर्दा घराणे शेतीची अवजारे बनवीत असे. पेझारो येथे तेरेसा बेनेल्ली या विधवा मातेने आपली मुले हाताला काम लागावीत म्हणून १९११ साली दुरुस्तीचे दुकान काढून दिले. त्यातून बेनेल्ली कंपनी उभी राहिली. गरज, जिद्द आणि हातचे कसब यांतून हा उद्योग वाढला.

१९५७ हे वर्ष त्याच्या भाग्याला कलाटणी देणारे ठरले. फियाटची छोटी '५००' मोटार त्या वर्षी बाजारात आली आणि दुचाकीवर समाधान मानणारे कुटुंब चारचाकीची स्वप्ने पाहू लागले. त्याच वर्षी 'मिल्ले मिलिया' शर्यतीत भीषण अपघात होऊन प्रेक्षकांसह अनेकांचा बळी गेला. त्यानंतर खुल्या रस्त्यांवरील शर्यतींवर बंदी आली आणि मोटारसायकलींची 'मोटोजिरो' यात्राही थांबली. वर्ष संपता संपता मोटो गुझ्झी, जिलेरा आणि मोंदियाल या तीन कंपन्यांनी जागतिक शर्यतींचा खर्च झेपेना म्हणून माघार घेतली. पुढे जपानी गाड्या आल्या. १९६९ साली जिलेरा पियाज्जोच्या ताब्यात गेली आणि १९९३ साली आर्कोरे येथील तिचा कारखाना बंद पडला. म्हणूनच, मूळ स्वरूप राखा, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नाही. कारखाना गेला, कामगार गेले. उरलेली गाडी हाच त्या काळाचा दस्तऐवज आहे. तिच्यावरील मूळ रंगाचा थर, सांगाड्याचा क्रमांक, वितळजोडाची ओबडधोबड रेघ हा पुरावा आहे. तो एकदा घासून टाकला, की परत येत नाही.

परंतु दुसऱ्या पक्षाचा पुरावाही तितकाच बळकट आहे. एप्रिल १९७२ मध्ये इमोला येथील दोनशे मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट आणि ब्रूनो स्पाज्जारी यांनी ड्युकाटीला पहिले दोन क्रमांक मिळवून दिले. ज्या गाड्यांवर ते जिंकले, त्या रस्त्यावरील गाडीत फेरफार करून तयार केलेल्या होत्या. १९७४ ची हिरवी गाडी ही त्या फेरफार केलेल्या गाडीचीच आवृत्ती होय. मोटो गुझ्झीची 'व्ही ७' ही भारदस्त, उंच गाडी होती. लीनो तोंती यांनी इंजिनाच्या माथ्यावरील डायनॅमो काढून त्याऐवजी पुढच्या टोकाला आल्टरनेटर बसविला. त्यामुळे सांगाडा खाली आणता आला आणि १९७१ साली 'व्ही ७ स्पोर्ट' अवतरली. रिमिनीचे मास्सिमो तांबुरिनी १९७२ साली मिसानोच्या धावपट्टीवर होंडा ७५० वरून पडले. अंथरुणावरून उठल्यावर त्यांनी त्याच इंजिनाभोवती स्वतःच्या कल्पनेचा सांगाडा रचला. हीटर आणि वातानुकूलनाची कामे करणारी 'बिमोता' ही त्यांची भागीदारी त्यातून मोटारसायकलींकडे वळली. थोडक्यात, ज्यांना आज अस्पर्श मानले जाते, त्या गाड्या बदल करणाऱ्या हातांनीच जन्माला घातल्या आहेत.

मग दोघांपैकी बरोबर कोण? येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. तोंती किंवा तांबुरिनी यांनी ज्या गाड्या बदलल्या, त्या त्या वेळी कारखान्यातून रोज बाहेर पडत होत्या. एक बिघडली तर दुसरी मिळत होती. आजचा हौशी करवत चालवितो ती जी वस्तू पुन्हा घडणार नाही तिच्यावर. म्हणून जे पूर्ववत करता येईल तेवढेच बदलावे, हा नियम न्याय्य ठरतो. हँडल, आसन, पायटे, सायलेन्सर हे बदलावेत आणि मूळ भाग कापडात गुंडाळून फडताळात ठेवावेत. जुन्या फायबरग्लासच्या टाकीत आजचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल भरले तर ती टाकी मऊ पडते व तिचे कण कार्ब्युरेटरमध्ये उतरतात. तेथे अॅल्युमिनियमची टाकी बसविणे हा दोष नव्हे, शहाणपण आहे. मात्र आखूड आसनाच्या हौसेपायी सांगाड्याचे शेपूट कापणे हे पोथीचे पान फाडण्यासारखे आहे.

तथापि, कापण्याहून मोठा धोका कुलपाचा आहे. ड्युकाटीचे अभियंते फाबियो तालियोनी १९५४ साली कारखान्यात आले. इंजिनाची झडप स्प्रिंगने मिटविण्याऐवजी तिला स्वतंत्र कॅमने ओढून मिटविण्याची 'डेस्मोड्रोमिक' रचना त्यांनी यशस्वी करून दाखविली. १९७० च्या दशकातील त्या इंजिनांत कॅमपर्यंत गती पोहोचते ती उभ्या दांड्यांतून आणि बेव्हल गिअरांतून. त्या गिअरांची मिळणी केसाएवढ्या जाडीच्या चकत्या घालून-काढून साधावी लागते. हे काम पुस्तकात वाचता येते, परंतु येते ते हातानेच. गाडी दालनात उभी राहिली की तिची रबरी सिले सुकतात, पेट्रोलचा राळेसारखा थर जमतो आणि ती जुळविणाऱ्या कारागिराचे कामही संपते. शिकणारा पोऱ्या मग गॅरेजकडे फिरकत नाही. यंत्र शिल्लक राहते, विद्या मात्र जाते.

महाराष्ट्रालाही हा विचार परका नाही. पुण्याच्या बजाज ऑटोने १९७१ पर्यंत पियाज्जोच्या परवान्याने व्हेस्पा बनविली आणि १९७२ पासून त्याच घडणीची चेतक. त्या आरंभीच्या चेतक आता पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि मोठा फेरफार न झालेल्या वाहनांना 'व्ही.ए.' मालिकेची स्वतंत्र नोंदणी मिळाली. त्यांच्या नित्याच्या वापराला मात्र मनाई आहे. मूळ स्वरूपाची कदर कायद्याने केली, हे योग्यच झाले. परंतु त्या स्कूटरचा कार्ब्युरेटर कानाने जुळविणाऱ्या गल्लीतल्या मेकॅनिकची नोंदणी कोणत्याही मालिकेत होत नाही. त्याच्या हाताखाली एखादा मुलगा शिकत असेल, तरच त्या जुन्या गाडीला भवितव्य आहे. अन्यथा उरेल ती सुरेख रंगविलेली, न हलणारी वस्तू.