नंदीचं शिंग मोडलंय? टाकू नका!

पोळा जवळ आला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या घराघरांत एक शोधाशोध सुरू होते. माळ्यावर, पलंगाखाली, धान्याच्या कोठीमागे. मागच्या वर्षी पोत्यात गुंडाळून ठेवलेला लाकडी नंदी गेला कुठे? सापडतो तेव्हा एक शिंग गायब, एक चाक जाम आणि पोटाखाली पिवळट भुशाचा छोटासा ढीग. पोरगं रडकुंडीला येतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, जाऊ दे, या वर्षी नवाच आणू.

आणायला हरकत नाही. पण त्याआधी त्या जुन्या नंदीला एकदा हातात घेऊन नीट बघा.

पुण्या-मुंबईच्या मित्रांना तान्हा पोळा समजावून सांगावा लागतो. श्रावण अमावस्येला खऱ्या बैलांचा पोळा, आणि दुसऱ्या दिवशी लेकरांचा. चाकांच्या पाटावर उभा केलेला लाकडी बैल, त्याला झूल, गळ्यात घुंगरू, आणि दोरी ओढत पोरं दारोदार फिरतात. काकू ओवाळतात, हातावर बोजारा ठेवतात. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांच्या काळात, दुसऱ्या रघुजीराजांनी सुरू केली असं मानतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला तर असे नंदी निघतात की ते ओढायला माणसं लागतात. आपल्याकडचे बहुतेक नंदी मात्र पाच-सात वर्षांच्या पोराला झेपतील एवढेच. आता मुलीही दोरी धरतात, हे बरंच झालं. आणि ज्या घरात शेत उरलं नाही, बैल उरला नाही, त्या घरातल्या लेकराच्या वाट्याला येणारा हा एकच बैल असतो. म्हणून तो धड असायला हवा.

आता लाकडाचं. आपण सागाच्या मुलखात राहतो. अयोध्येच्या राम मंदिरासाठी मार्च २०२३ मध्ये सागवान गेलं ते बल्लारपूरहूनच. आलापल्लीच्या सागाचं नाव सगळीकडे आहे. पण गंमत अशी, की जंगल दाराशी असलं तरी चांगलं सागवान आपल्या खिशाला परवडत नाही. ते डेपोत लिलावात विकलं जातं आणि बाहेर जातं. आपल्या वाट्याला येतं ते कोवळं लाकूड, ज्यात पांढरा भाग जास्त. वीस-तीस वर्षांपूर्वीचा नंदी बरेचदा जुन्या घराच्या चौकटीतून, मोडक्या पलंगातून उरलेल्या तुकड्याचा असतो. म्हणजे पिकलेल्या सागाच्या गाभ्याचा.

हा फरक महत्त्वाचा आहे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल आणि वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात. सालीकडच्या पांढऱ्या भागात ती नसतात. म्हणून कीड लागते ती बहुतेक त्या पांढऱ्या पट्ट्याला. भुसा दिसला म्हणून अख्खा नंदी गेला असं होत नाही. जुना वाढई काय करतो? लाकूड हातात घेतो, नख रोवतो, बोटाने वाजवतो. नख आत गेलं किंवा आवाज पोकळ आला, तर तेवढाच भाग काढायचा. भोकातून ताजा, पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड अजून जिवंत आहे. बांबूवर बोरॅक्स आणि बोरिक पावडरच्या पाण्याची प्रक्रिया करतात, तेच पाणी इथेही चालतं. चिचपल्लीच्या बांबू केंद्रात शिकून आलेलं कुणी ओळखीचं असेल तर त्याला विचारा. ते पाणी मोठ्यांनीच लावायचं, लाकूड पूर्ण वाळू द्यायचं आणि वरून पॉलिश चढवल्याशिवाय लेकराच्या हातात द्यायचं नाही. रॉकेल चोपडायचा जुना उपाय या कामाला नको.

सगळ्यात जपून करायचं काम म्हणजे जुना रंग काढणं. इथे घाई नको. आपल्या देशात घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर असू नये, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे, हे नुसतं बघून कळत नाही. पिवळा, केशरी, लाल हे झळझळीत रंग जास्त संशयाचे, आणि नंदीची झूल, शिंगं नेमकी याच रंगांची! शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं, आणि दोन वर्षांचं बाळ नंदीचं शिंग पहिल्यांदा कुठे नेतं हे सांगायला नको.

म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही आणि भाजून तर मुळीच काढायचा नाही. पाण्याचा पॉलिश पेपर घ्या, लाकूड आणि पेपर दोन्ही ओले ठेवा, खाली जुनं प्लास्टिक अंथरा, तोंडाला मास्क बांधा. हे काम अंगणाच्या कडेला करा, स्वयंपाकघरात नको. लेकरं आणि घरात कुणी गरोदर असेल तर त्यांना लांब ठेवा. निघालेला चोथा प्लास्टिकसकट बांधून टाकायचा, झाडाच्या बुंध्याशी ओतायचा नाही.

रंग गेला की नंदीचा खरा चेहरा दिसतो. मग जोडकाम. शिंग बहुतेक वेळा वेगळ्या तुकड्याचं असतं, डोक्यात भोक पाडून बसवलेलं. नवं शिंग करायला सागाचा हातभर तुकडाही पुष्कळ झाला. आरामशीनवर किंवा सुताराकडे उरलेले तुकडे मिळतात, घेताना पावती मागा. जंगलातून फांदी तोडून आणायची नाही, हे आपल्या जिल्ह्यांत वेगळं सांगायची गरज नसावी. शिंगात आणि डोक्यात सारख्या मापाचं भोक पाडा आणि मधे बांबूची खुंटी घाला. खिळा ठोकू नका. खिळा गंजतो, लाकूड चिरतो आणि एखाद्या दिवशी टोक बाहेर येतं.

एक बारकी गोष्ट इथे बऱ्याच जणांना माहीत नसते. सागात तेल असल्यामुळे त्यावर फेविकॉल नीट धरत नाही. जोडायच्या जागा आधी थिनरच्या फडक्याने पुसा, थिनर उडून गेला की लगेच चिकटवा आणि रात्रभर दोरीने आवळून ठेवा. बारीक भेगा भरायला त्याच लाकडाचा भुसा आणि फेविकॉलची लगदी करा. बाजारातली लांबी भरली की सगळं गुळगुळीत दिसतं खरं, पण आत कुजलेलं असेल तर तेही झाकलं जातं.

चाकांचा आजार एकच: सळईचं भोक झिजून लांबट होतं आणि नंदी डुलत चालतो. भोक थोडं मोठं करून त्यात पाइपचा छोटा तुकडा बसवा. सळईवरचा गंज घासून काढा आणि वर मेणबत्ती चोळा. तेल घातलं तर धूळ चिकटते, दोन घरं फिरली की चाक पुन्हा जाम.

शेवटचा हात कशाचा द्यायचा? इथे माझं मत स्पष्ट आहे: ऑइल पेंटचा डबा लगेच उघडू नका. आपल्याकडे दोन चांगल्या वस्तू आहेत. एक जवस. घाण्याचं जवसाचं तेल लाकडात मुरतं आणि हळूहळू घट्ट होतं. वेळ मात्र लागतो, आठवडा किंवा जास्तच. पेंटच्या दुकानातलं ‘डबल बॉईल्ड’ लवकर वाळतं, कारण त्यात बहुधा धातूंची वाळवणारी द्रव्यं घातलेली असतात, ते लहान मुलांच्या खेळण्याला नको. आणि एक इशारा: जवसाच्या तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तो तापतो आणि आपोआप पेटूही शकतो. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळत घाला.

दुसरी वस्तू लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे वाढतात, आणि त्या लाखेचाच चपडा होतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे तीन-चार पातळ हात दिले की सागाचा रंग असा उजळतो की पेंटची आठवणही होत नाही. फक्त पावसाळी दमट हवेत चपड्यावर पांढरट साय धरते, आणि पोळा येतो ऐन पावसाळ्यात! म्हणून उघाड पडलेली दुपार गाठायची. खरं तर हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीतलं. तेव्हा लाकूड कोरडं असतं, जोडही पक्के बसतात. श्रावणात फुगलेल्या लाकडात बसवलेलं शिंग मे महिन्यात डगमगायला लागतं, तसं झालं तर सुताराला दोष देऊ नका.

नंदी उलटा केला की पोटाखाली किंवा पाटाच्या मागे बरेचदा काहीतरी कोरलेलं सापडतं. आजोबांचं नाव, एखादं साल, कधी नुसती दोन अक्षरं. तेवढ्या जागेवर पॉलिश पेपर फिरवू नका, वरून फक्त तेलाचा हात द्या. काही घरांत या नंदीवरून भावाभावांत वाद असतो की तो कुणाकडे राहायचा. दुरुस्त करणाऱ्याचा हक्क थोडा जास्त, असं म्हणायला जागा आहे.

आणि नवं शिंग जुन्यापेक्षा फिकं दिसतंय म्हणून त्यावर रंग फासू नका. सागवान उजेडात हळूहळू गडद होतं. या पोळ्याला पोरं विचारतील, एक शिंग पिवळं का? पुढच्या पोळ्याला कोणतं नवं होतं, हे निरखून बघावं लागेल.