गोवराची लस आणि दोन गावांचे मूल

सुरतेच्या लिंबायत भागात मराठी कानावर पडली तर नवल वाटत नाही. नंदुरबार, धुळे, जळगाव ह्या जिल्ह्यांतून कापडाच्या धंद्यासाठी आलेली कुटुंबे तेथे वसली आहेत. उधन्याहून ताप्तीच्या लोहमार्गाने त्यांचे गावाकडे येणेजाणे सदोदित चालू असते. ह्या येण्याजाण्यात पुष्कळदा तान्ह्या मुलाची गोवराची लस राहून जाते.

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. जन्मानंतरच्या पहिल्या लशी खानदेशातील कार्डावर लिहिल्या जातात. गोवराची पहिली मात्रा नवव्या महिन्यात द्यावयाची, तोवर आई सुरतेस परतलेली असते. दुसरी 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान. नेमकी तेव्हाच गावाकडे लग्नसराई निघते. सुरतेची आरोग्यसेविका समजते की मूल गावी टोचले, गावची समजते की सुरतेस. त्यात गुजरातीत गोवराला ‘ओरी’ आणि लशीला ‘रसी’ म्हणतात. नव्याने आलेल्या सुनेला ते उमगावे कसे?

आईकडून लाभलेली प्रतिकारशक्ती बाळाच्या अंगात असेतो लस नीट लागू पडत नाही. म्हणून नववा महिना. त्या मात्रेने 100 पैकी सुमारे 85 मुले सुरक्षित होतात. उरलेल्यांसाठी दुसरी असते, ती जादा नव्हे.

गोवर पुरळ उठण्यापूर्वी चार दिवसांपासूनच पसरू लागतो. तेव्हा तो साधे पडसेच वाटतो. रोगी उठून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू खोलीच्या हवेत राहतो. संरक्षण नसलेल्या वस्तीत एक रोगी 12 ते 18 जणांना रोग देतो; मग एका खोलीत सारे बिऱ्हाड असेल तेथे काय होईल! 100 पैकी 95 मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या तरच साथ थोपते. 2018 च्या जुलैपासून गुजरातभर 15 वर्षांखालील मुलांना गोवर-रुबेलाची लस टोचण्यात आली. परंतु आजची तान्ही मुले त्यानंतर जन्मली. 2022 च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, भिवंडी आणि खानदेशच्या वेशीवरचे मालेगाव येथे साथ उसळली. अहमदाबादेतही केंद्राचे पथक धाडावे लागले.

गोवर निघाला की उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवतात. त्यात अपाय नाही. अपाय आहे तो डॉक्टरांकडे नेण्यास लावलेल्या उशिरात. न्यूमोनिया व अतिसार ह्यांनी मुले दगावतात. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मात्रांनी तो धोका कमी होतो.

चुकलेली मात्रा पाच वर्षांचे होईपर्यंत सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते. दोहोंत किमान एक महिन्याचे अंतर हवे. खानदेशातील कार्ड लिंबायतच्या आरोग्यकेंद्रात दाखवता येते, आणि गुजरातचे ममता कार्ड खानदेशात.